चवीपुरतं मीठ

एक बादली, जिला साबण लावायचा नाही.

चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेली जीभ.

काचेवर मारलेली निळी रेघ.

कोळंबीची रिकामी कात.

सहा मोठे चमचे.

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. या सगळ्याचा माझ्याशी संबंध आहे. जरा दम धरा.

०

काचवाल्याने एका दुकानाच्या दारासाठी काचा कापल्या आणि उरलेल्या तुकड्यांची मी झाले. पहिली काही वर्षं त्याच दुकानात पेनं मांडायला होते. लोक वाकून वाकून बघायचे, तेव्हा अंगावर मूठभर मांस चढायचं. पुढे दुकान बंद झालं आणि मी एका घराच्या माळ्यावर गेले. तिथे माझ्या पोटात तुटके प्लग होते आणि एका बाहुलीचा पाय.

मला खाली उतरवलं ते त्या घरातल्या दात बनवणाऱ्या मुलीने. ती कारखान्यात बसून लोकांच्या कवळ्या घडवते, केसाइतका फरक चालत नाही. तिने माझे सांधे नव्याने भरले, आठवडाभर पाणी भरून ठेवलं आणि खाली कागद पसरून थेंब पडतो का ते पाहिलं. पडला नाही. पण मला आजही त्या डाव्या कोपऱ्याची धास्ती वाटते.

३५

एका लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ. समुद्र एवढा खारट असतो, आणि मलाही तेवढंच खारट राहायचं होतं. मुलगी साबण कधीच न लागलेल्या वेगळ्या बादलीत शुद्ध पाणी घेऊन त्यात डब्यातलं समुद्री मीठ ढवळायची आणि एका नळीतून, दुर्बिणीतून बघावं तसं, आकडा वाचायची. मग वाळू आली, छिद्रांचे दोन दगड आले, पंप आणि हीटर आला. त्यानंतर पाच आठवडे काहीच नाही. पाण्यात उपयोगी जंतू वाढेपर्यंत नुसती वाट.

तिचे बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून मला न्याहाळत. ते चाळीस वर्षं कँटीनचे आचारी होते.

"पाच आठवडे दगड उकडतेस," ते म्हणाले. "आमच्या कँटीनात तुला कुणी उभं केलं नसतं."

"उकडत नाही बाबा. पंचवीस डिग्री आहे."

"तेच म्हणतो. शिजणार कधी?"

शेवटी एक गोगलगाय आली, लाल पट्ट्यांची एक कोळंबी आली आणि प्रवाळाचे सात कोंब, बटणाएवढे. शोभेचे मासे विकणारा दुकानदार बजावून गेला होता, "वीसच लिटर आहे. समुद्राला चूक पचते, हिला नाही."

आणि मग मुलीला कामासाठी पाच दिवस बाहेरगावी जावं लागलं.

"बाबा, पाणी उडून जातं, मीठ आतच राहतं. म्हणून रोज या निळ्या रेघेपर्यंत साधं पाणी घाला. फक्त साधं. दुसरं काही नाही."

"चारशे माणसांचा स्वयंपाक केलाय मी. वाटीभर पाणी घालता येईल."

३७

पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना दगडापाशी कोळंबी आडवी दिसली. पट्टे, मिशा, पाय, सगळं जागच्या जागी आणि आत काहीच नाही. मित्रांनो, ती कात होती. कोळंबी मोठी झाली की जुनी कात टाकते आणि नवं अंग टणक होईपर्यंत लपून बसते. ती दगडामागेच होती. मला दिसत होती. पण काचेला तोंड कुठलं?

बाबा काचेला नाक लावून बघू लागले. मुलगी निघून पुरता दिवस झाला नव्हता आणि एक जीव गेला, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी तेच केलं जे आयुष्यभर केलं होतं. बोट बुडवलं आणि जिभेवर लावलं.

"अळणी आहे," ते पुटपुटले.

डब्यातलं दोन मोठे चमचे मीठ पडलं. मी खारट होते, मित्रांनो. जशी हवी तशीच होते.

४१

तिसऱ्या दिवशी प्रवाळाचे कोंब मिटले. बाबांनी चव घेतली. अळणी. आणखी दोन चमचे. चौथ्या दिवशी गोगलगाय काठापर्यंत चढून आली. पुन्हा चव, पुन्हा दोन. माझ्यातलं पाणी जड झालं होतं. बाबा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत.

पाचव्या दिवशी मुलीने बॅगही खाली न ठेवता नळी डोळ्याला लावली. पुसून पुन्हा लावली.

"बाबा, मीठ किती घातलंत?"

"चवीपुरतं."

तिने नळी खाली ठेवली. मग डब्यातल्या मिठाची चिमूट त्यांच्या हातावर ठेवली. बाबांनी ती जिभेवर घोळवली आणि नकारार्थी मान हलवली, चव लागलीच नव्हती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"आजारातून उठलो तेव्हापासून. म्हटलं, येईल परत." त्यांनी तळहात पुसला. "तू माझ्याकडून स्वयंपाकघर काढून घेशील म्हणून बोललो नाही. भाजीत जास्त पडतं का गं?"

"कधीमधी," ती माझ्याकडे बघत म्हणाली.

एकदम गोडं पाणी ओतलं असतं तर आतले जीव त्या धक्क्यानेच गेले असते. म्हणून तीन दिवस ती माझ्यातलं थोडं खारं पाणी काढत होती आणि तेवढंच साधं घालत होती. आकडा मात्र बाबा वाचत होते. चाळीस. अडतीस. छत्तीस. गोगलगाय वाचली नाही. सातांपैकी चार कोंब उघडले. चौथ्या दिवशी दगडामागून कोळंबी निघाली, एक मिशी कमी घेऊन. बाबांनी तिच्यापुढे चक्क हात जोडले.

आता ती नळी बाबांच्या खिशात असते. भाजीची चव आधी मुलगी घेते आणि लगेच सांगते, तोंडावर. कधी कधी दोघांचं त्यावरून वाजतं. मला ते ऐकायला बरं वाटतं.

मित्रांनो, मुक्या जीवांची काळजी घ्या, त्यांना रोज नीट बघा. आणि बोलता येणाऱ्यांना विचारा. गप्प राहून जपता येतं असं वाटतं, पण मीठ आतच साठत राहतं.

मला माळ्यावरून काढून टेबलावर ठेवलं, त्या संध्याकाळी भाजी खारट झाली होती. मुलीने ती दोनदा वाढून घेतली.