उशीचा श्वास

वॉर्डातल्या सिस्टरांनी तिचं नाव हळूबाई ठेवलं होतं आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. लहान मुलांची डॉक्टर, हाताला गुण, पुस्तक तोंडपाठ. पण बोलायला लागली की समोरच्याने कान पुढे करावा. एरवी हा स्वभाव कुणाला नडला नसता. पण तिला मुलांची इमर्जन्सी रूम हवी होती, अगदी कॉलेजात असल्यापासून हवी होती. त्यासाठी अत्यवस्थ मुलांना वाचवण्याच्या कोर्सचं सर्टिफिकेट लागत होतं. ते नाही मिळालं, तर रवानगी लसीकरणाच्या खिडकीत.

लेखी परीक्षेची तिला धास्ती नव्हती. धास्ती होती प्रात्यक्षिकाची. टेबलावर रबरी बाळ, भोवती चौघं मदतीला आणि ही त्यांची म्होरकी. म्होरक्याने प्रत्येकाला नेमून काम सांगायचं, त्याने ते मोठ्याने परत म्हणून दाखवायचं आणि झालं की 'झालं' म्हणायचं. सरावाच्या दिवशी हळूबाई काय म्हणाल्या? "कुणीतरी जरा छाती दाबता का?" आता कुणीतरी नावाचा माणूस अजून जन्माला यायचाय. चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि रबरी बाळ गेलं.

मग घरी तयारी सुरू झाली. बाळ म्हणून एक छोटी उशी घेतली. सासूबाईंनी कपाटातून आपल्या लेकाचं लहानपणीचं टोपडं काढून उशीला घातलं. मदतनीस म्हणून तो लेकच होता, पेपर वाचत बसलेला.

"अहो, बाळाचा श्वास थांबलाय. जरा छाती दाबता का?"

"हो हो," पेपरामागून आवाज आला.

हे 'हो हो' काय प्रकरण असतं ते लग्न झालेल्या बाईला सांगायला नको. गळका नळ, फ्यूज गेलेला दिवा, मावशीला करायचा फोन, सगळं त्या 'हो हो'च्या पोटात गडप झालेलं असतं. उशी गेली.

दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या, "आज काय झालंय हिला?"

"श्वास थांबलाय, आई."

"कालही थांबला होता. खायला काय घालता तिला?"

हळूबाईला हसू आलं आणि हसता हसता डोळेच भरून आले. "मला नाही जमणार, आई. मला माणसांना हुकूम सोडता येत नाही. उद्या खरं मूल समोर असलं आणि मी अशीच पुटपुटत राहिले, तर?"

सासूबाईंनी मटाराचं ताट बाजूला सारलं. "तू सांगतच नाहीस, तू विनवतेस. ताकाला जाऊन भांडं लपवतेस. आता बघ." त्यांनी पेपराकडे तोंड केलं. "बंड्या, पंखा बंद कर."

"हो हो."

"मी काय सांगितलं?"

पेपर खाली आला. चांगला चाळिशीचा, टक्कल पडायला लागलेला बंड्या चाचरत म्हणाला, "पंखा बंद करायला."

"मग?"

बंड्या उठला, पंखा बंद केला आणि "केला" म्हणून खाली बसला. हळूबाई बघतच राहिली. जाडजूड पुस्तकात दोन पानं भरून जे लिहिलं होतं, ते सासूबाईंनी बसल्या जागी करून दाखवलं होतं. पण बघणं वेगळं आणि आपल्या तोंडून निघणं वेगळं. परीक्षेपर्यंत उशी आणखी दोनदा गेली.

परीक्षेच्या दिवशी नशीब बघा. मदतनिसांत तिचे कॉलेजातले सर. त्यांच्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती म्हणून तेही आलेले. ज्यांच्यापुढे पाच वर्षं मान वर केली नाही, त्यांना आता हिने काम सांगायचं. परीक्षक म्हणाले, "बाळाची नाडी लागत नाही." हळूबाई सरांकडे वळली.

"सर, जमलं तर जरा छाती..."

"हो हो," सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

तेच ते 'हो हो'. तोच सूर. हळूबाईला समोर रबरी बाळ दिसेना, टोपडं घातलेली उशी दिसायला लागली आणि तिचं डोकंच फिरलं.

"सर, छाती दाबा. मी काय सांगितलं?"

सरांनी चटकन चष्मा लावला. "छाती दाबायला सांगितलंस."

"मग दाबा."

सर दाबायला लागले. मग हळूबाई थांबलीच नाही. श्वास द्यायचा फुगा कुणाकडे, औषध कुणाकडे, सगळं एकेकाला नेमून दिलं, वदवून घेतलं आणि झाल्याचं ऐकून घेतलं. रबरी बाळ जगलं.

बाहेर आल्यावर ती सरांपुढे ओशाळून उभी राहिली. "सर, चुकले. तोंडातून निघून गेलं."

"चुकलीस कुठे? माझ्या मुलाला काही झालं, तर मी तुझ्याकडेच आणेन," सर म्हणाले. "फक्त मला आत बोलावू नकोस."

घरी दारातच सासूबाई उभ्या होत्या. "जगली का?"

"जगली, आई."

आत जाऊन सासूबाईंनी उशीचं टोपडं काढलं, घडी घालून कपाटात ठेवलं आणि उशी सोफ्यावर नीट ठेवली. मग सुनेचा हात धरून तिला तिथे आडवं केलं.

"बंड्या," त्या म्हणाल्या, "चहा टाक. आवाज न करता. दमलीये पोर."

"चहा टाकायचा, आवाज न करता," बंड्या कुजबुजला आणि उठला.