बाकाखाली झालेली निवड

मी एक कुत्री बोलतेय. जरा मनातल्या मनात वाचा. मोठ्याने वाचलंत तर मी दचकेन.

मी कशालाही दचकते. कोणी छत्री उघडली, झाकण पडलं, इतकंच काय, स्वतःचीच शिंक आली तरी माझी पाचावर धारण बसते. पिल्लू असताना कुणीतरी मला खोक्यात घालून या निराधार प्राण्यांच्या आश्रमाच्या दाराशी सोडलं. तेव्हापासून मी इथेच. माणसं यायची, "बिचारी!" म्हणायची आणि शेजाऱ्यांकडे वळायची. शेजारी म्हणजे एकीकडे पैलवान नावाचा दणकट कुत्रा, दुसरीकडे झिपऱ्या: एवढासा जीव आणि तोरा राजाचा.

एका सकाळी एक कुटुंब आलं. आई, बाबा, बडबडी ताई आणि तिचा नुकताच पळायला शिकलेला भाऊ, गोट्या.

"लहान मुलांना सांभाळून घेईल असा कोणता?" आईने आमच्या मावशींना विचारलं. मावशी म्हणजे आमचं खाणंपिणं बघणाऱ्या बाई.

"मुलांची एकेकाशी हळूहळू ओळख करून द्या, म्हणजे कळेल."

"छे, आधी मी!" बाबांनी बाह्या सरसावल्या. "मुलं जेवढं छळतील तेवढं मी छळून बघतो. टिकेल तो आपला."

"अहो, गुडघा दुखतोय ना तुमचा?"

"मुलांसाठी एवढं नको करायला?"

आणि हा मिशीवाला माणूस अंगणात चक्क रांगायला लागला! त्यांनी पैलवानाची शेपूट ओढली. पैलवानाला वाटलं, चला, कोणीतरी खेळायला आलं! तो आनंदाने बाबांना उताणं पाडून त्यांच्या छातीवर चढून बसला आणि त्यांचा चष्मा चाटून लख्ख केला.

"गोट्याला तर हा सपाट करेल," आई म्हणाली.

मग बाबांनी झिपऱ्याच्या तोंडचं बिस्कीट काढून घेतलं. झिपऱ्याने त्यांचा पायमोजा ओढून घेतला आणि वर गुरगुरला. तोही बाद.

आता मी. हेही लोक गेले तर मला कोण नेणार?

बाबांना तर एव्हाना चेव चढला होता. "आता हट्टाचं रडणं!" म्हणत ते जमिनीवर लोळले आणि असा टाहो फोडला, की मावशींच्या हातातली बादली खाली पडली. मी धूम ठोकली ती थेट बाकाखाली!

तिथे आधीच कोणीतरी होतं. गोट्या! बापाचं ते रूप बघून त्याची बोबडी वळली होती. तोही थरथरत होता, मीही. संपलं, बाहेर बाबा आणि आत मूल! मी अंग चोरून थोडी सरकले. त्याने माझा कान ओढला नाही, शेपूट ओढली नाही. नुसता टेकून बसला.

"बाबा थांबले?" त्याने हळूच मला विचारलं.

इतक्यात आईने वाकून बघितलं. बघतच राहिली.

"अहो, बास करा! पोरं घाबरलीत."

पोरं? ताई तर तिकडे पोट धरून हसत होती. मग दुसरं पोर कोण?

माझी शेपूट मला न विचारताच हलायला लागली.

"ही घाबरली की चावत नाही, सटकते," मावशी म्हणाल्या. "पण सटकायला जागा ठेवा. हिचा कोपरा हिचाच, तिथे मुलांनी जायचं नाही. आणि मोठं माणूस कायम जवळ हवं."

"मी आहे ना!" बाबा म्हणाले.

"शांत माणूस," आई म्हणाली.

आता मी त्यांच्याच घरी असते. दचकते अजून, पण घरातल्या घरात. तुम्हीही लहान मुलांसाठी आमच्यापैकी कोणाला न्यायला निघाला असाल, तर एक विनवणी आहे. आमचा रुबाब बघू नका, शौर्य तर मुळीच नको. घाबरल्यावर आम्ही काय करतो ते बघा. त्यासाठी आम्हाला घाबरवायची मात्र गरज नाही. जवळ येऊन गप्प बसा, आम्ही तेवढ्यानेही घाबरतो.