मंडपाबाहेरची हरकत

गावाचं नाव सांगत नाही. परंड्याहून सोनारीच्या वाटेला लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं की तुम्ही म्हणणार, हे त्या गावातलं, आमच्याकडं असलं काही नाही. आणि तुमच्याकडं अगदी अस्संच असतं!

तर त्या गावात स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी हरणाबाई इरकल लुगडं नेसून ओसरीवर बसल्या होत्या. चावडीपुढं झेंडावंदन झालं की भैरोबाच्या मंडपात ग्रामसभा, आणि आजच्या सभेत कमानीचा ठराव. गावात शिरायच्या रस्त्यावर दगडी कमान बांधायची, तिच्यावर ठळक अक्षरात नाव : कै. बब्रुवानराव. हरणाबाईंचे मालक. वर्षानुवर्षं सरपंच राहिलेला माणूस. त्यांच्या कारकिर्दीत एकाही ठरावाला कुणी हरकत घेतली नाही, सगळं एकमुखानं मंजूर, हे हरणाबाई येईल-जाईल त्याला सांगत. पाव्हणा चहा पिऊन उठेस्तोवर दोनदा सांगत.

"आत्याबाई, जरा सृष्टीचे डोळे बघता का? मला पिवळे दिसायलेत."

सून तारामती चुलीपासून लांब, दाराच्या कोपऱ्यात उभी होती. तिची अडचण होती. त्या घरात ते चार दिवस अजून पाळतात; बाईनं स्वयंपाकाला, देवाला, मोठ्या माणसाला शिवायचं नाही.

हरणाबाईंनी नातीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं. अंगणवाडीत जाणारी चुणचुणीत पोर, पण दोन दिवस झाले भाकरीकडं बघत नव्हती. अंगात झेंडावंदनासाठी घातलेला पिवळाजर्द फ्रॉक. हरणाबाईंनी डोळ्यांत पाहिलं आणि हनुवटी सोडली.

"काय न्हाय. फ्रॉकचा उजेड पडलाय."

"श्रावस्तीचं बी असंच सुरू झालतं, आत्याबाई. चांगुणाबाईंची नात. ती आता कावीळ होऊन बार्शीच्या दवाखान्यात हाय. दोघी एकाच अंगणवाडीत, एकाच नळाचं पाणी पित्यात. त्यो पाइप गटारातनं गेलाय आन फुटलाय."

"मग? म्या काय करू? तोंड लावून वढू का पाणी?"

"तुमी नका काय करू. मी सभेत सांगते. निधी आलाय त्यो आधी पाइपाला आन गटाराला लावा म्हणते. कमान पुढच्या साली हुईल."

हरणाबाई अशा उठल्या की ओसरीवरची मांजर पळाली.

"पुढच्या साली? तुझ्या सासऱ्याची कमान हाय ती, ध्यानात हाय का? ज्याच्या नावावर या गावात मान घेतीस, त्याचंच नाव मागं ढकलतीस व्हय ग?"

"नाव पुसा म्हणत न्हाय मी..."

"आन सभेला जाणार म्हणं! सभा कुठं असती? देवळात. आज तुला देवळाची पायरी चढता येती का? सांग की!"

तारामती दाराआड सरकली. हरणाबाईंना बरं वाटलं. समोरच्याचं तोंड बंद झालं की त्यांना नेहमीच बरं वाटायचं. त्यांनी पदर सारखा केला आणि देवळाची वाट धरली.

खरं तर पूर्वी सभा चावडीत भरायची. चावडीचं छप्पर गळायला लागलं म्हणून बब्रुवानरावांनी ती देवळात आणली. पुढं छप्पर दुरुस्त झालं, पण चावडीत खताची पोती पडली आणि सभा देवळातच राहिली. कुणाला वाईट वाटायचं कारणही नव्हतं. मंडपात गार फरशी, वर पंखे, समोर देव. खोटं बोलायची सोय नाही, असं म्हणायचे. न बोलण्याची सोय मात्र भरपूर होती!

हरणाबाई पुढच्या खांबाला टेकून बसल्या. ती त्यांची जागा. मागं चार-सहा म्हाताऱ्या जपमाळ घेऊन बसलेल्या. बाकी सगळे गडी. बाहेर पायरीखाली लिंबाच्या झाडाशी बौद्ध वस्तीतली माणसं उभी होती. छप्पन्न सालानंतर त्यांच्या वाडवडलांनी धम्म घेतला, तेव्हापासून ती देवळात पाऊल ठेवत नाहीत. सभेला यायची, लिंबाखाली उभी राहायची, ऐकू येईल तेवढं ऐकायची, जायची. गावाला त्याची इतकी सवय झाली होती, की लिंबाला पालवी फुटते तशी ती माणसंही तिथं उगवतात असंच वाटावं.

सरपंच शिवशंकर हा बब्रुवानरावांचा पुतण्या. पांढरीशुभ्र पँट, पांढरा सदरा. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी एकेक विषय वाचायचा, शिवशंकरनं "कुणाची हरकत?" म्हणायचं आणि श्वासही न सोडता "मंजूर" म्हणायचं. दिवाबत्ती मंजूर. स्मशानभूमीचं कुंपण मंजूर.

"पुढचा विषय," भाऊसाहेब म्हणाले, "कैलासवासी बब्रुवानराव प्रवेशद्वार. चालू सालचा निधी या कामाला घ्यायचा."

हरणाबाईंनी मान ताठ केली.

"कुणाची हरकत? मंजू..."

"माझी हाय हरकत!"

सगळ्या माना दाराकडं वळल्या. पायरीखाली तारामती उभी होती. कडेवर सृष्टी. शेजारी वस्तीतल्या चांगुणाबाई. श्रावणातली भुरभुर सुरू झालेली, दोघींचे पदर भिजलेले.

शिवशंकर हसला. "वहिनी, हरकत असली तर आत येऊन मांडा. भायेरचं बोलणं सभेत धरता येत नसतंय."

"आत येता येत न्हाय मला आज."

"का?"

म्हातारा गुंडाप्पा पानाचा तोबरा सांभाळत म्हणाला, "आरं शिवशंकर, का म्हणून काय इचारतोस? लगीन झालंय न्हवं तुझं?"

मंडप हसला. मग ज्याच्या त्याच्या घरातली सून, लेक त्याच्या डोळ्यांपुढं आली असावी, कारण हसू मध्येच विझलं. हरणाबाईंचे कान तापले. भर सभेत! देवाच्या दारात! आता घरी गेल्यावर हिची सालटीच काढते, असं त्यांनी मनात ठरवूनही टाकलं.

"अंगणवाडीच्या नळाचा पाइप गटारात हाय," तारामती पायरीखालूनच ओरडून सांगू लागली. "पोरं घाण पाणी पित्यात. एक दवाखान्यात हाय, माझी बी..."

"ऐकू येईना!" मागून कुणीतरी म्हणालं. पंख्यांची घरघर खरंच मोठी होती. पण पंखा बंद करायला कुणी उठलं नाही.

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "हे बघा बाई, ग्रामसभेला यायला कुणालाच मनाई नाही. तुम्हाला नाही, वस्तीलाही नाही. तुम्हीच आत येत नाही."

तेव्हा चांगुणाबाई एक पाऊल पुढं आल्या. बाई सावकाश बोलायची.

"मनाई न्हायच ओ भाऊसाहेब. मनाई असती तर भांडलो असतो. आमी देवळात येत न्हाय, ह्यो आमचा नेम. ही पोर आज येत न्हाय, ह्यो तुमचा नेम. दोन्ही नेम तुमाला म्हायती हायत. तरी सभा हितंच. मनाई करायची गरजच पडू ने, अशी जागा हुडकली तुमी!"

"चांगुणे, जपून बोल," हरणाबाई आतून गरजल्या. "माझ्या मालकानं आणली सभा हितं. त्यांच्या टायमाला एक हरकत आली न्हाय!"

"आल्या हुत्या की, हरणाबाई." चांगुणाबाईंचा आवाज चढला नाही. "आमच्या वस्तीतले तात्याराव पंच हुते ना, तुमच्याच मालकाच्या टायमाला. निवडून आलेला माणूस, पर पायरीखाली उभा ऱ्हाऊन बोलायचा. ह्याच पाइपाचं बोलायचा. आतनं आवाज यायचा, ऐकू येईना, मंजूर! हरकती लई आल्या. ह्या लिंबाखाली आल्या, लिंबाखालीच ऱ्हायल्या."

हरणाबाईंच्या जिभेवर उत्तर तयारच असायचं. आजही होतं. पण ते बाहेर पडायच्या आत त्यांची नजर मंडपावरून फिरली. गडी बसलेले. बायका? मागच्या त्या म्हाताऱ्या. सगळ्या म्हाताऱ्याच! नळावर हंडे भरणारी, पोराला अंगणवाडीत सोडणारी, पोरांच्या उलट्या पुसणारी एक बाई आत नव्हती. आज अडचण नसली तरी कुणाची कधी येईल सांगता येत नाही, आणि चारचौघांत कारण सांगायची लाज. म्हणून सुना सभेची वाटच विसरल्या होत्या. आणि एवढ्या वर्षांत हे हरणाबाईंच्या ध्यानातही आलं नव्हतं. एकमुखानं मंजूर! मुखं होतीच किती?

त्यांनी बाहेर पाहिलं. भुरभुरीनं सृष्टीचा फ्रॉक भिजला होता म्हणून तारामतीनं तो काढून पोरीला आपल्या पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलं होतं. पोर आईच्या खांद्यावर मान टाकून आजीकडं बघत होती. ढगाळ, स्वच्छ उजेड. फ्रॉक नव्हता. डोळे पिवळेच होते!

हरणाबाई खांब धरून उठल्या.

"शिवशंकर, थांबीव तुझा ठराव."

"काकू? अवो, काकाच्या नावाची कमान हाय..."

"नाव माझ्या मालकाचं हाय आन मीच सांगतेय. उठा समदे. सभा शाळंत भरंल."

"शाळंत?" शिवशंकरनं आपल्या पँटकडं पाहिलं. "काकू, तिकडं जायचं म्हंजे त्या गटारातनं..."



"बोल की," हरणाबाई म्हणाल्या. "का थांबलास? पोरं रोज जात्यात. तू काय मिठाचा हायस इरघळायला?"

आणि त्या मंडपाची पायरी उतरून चालू लागल्या. आधी कुणी हललं नाही. मग गुंडाप्पा उठला, मग तरणी पोरं गंमत म्हणून उठली, मग भाऊसाहेबांना उठावंच लागलं, आणि सभा निघाली म्हटल्यावर सरपंच एकटा देवापुढं बसून काय करणार!

शाळेच्या फाटकापुढं गटार फुटून पसरलेलं. मध्ये एक डुगडुगता दगड. कुणी धोतर खोचलं, कुणी नाक धरलं. शिवशंकरचा पाय दगडावरून सटकला आणि पांढरी पँट गुडघ्यापर्यंत काळी झाली.

"पंचायत आज पहिल्यांदा एवढ्या खोलात शिरली म्हणायची," गुंडाप्पा म्हणाला.

त्या काळ्या पाण्यातच शाळेच्या आवारातल्या अंगणवाडीच्या नळाचा पाइप गेला होता. चिरेवर कुणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली. पट्टीतून बुडबुडे येत होते. सगळ्यांनी पाहिलं. पाहिल्यावर मात्र कुणी ऐकू येईना म्हणालं नाही.

शाळेच्या पडवीत सतरंजी अंथरली. तारामती बसून बोलली, ओरडावं लागलं नाही. वस्तीतली माणसंही बोलली, काहींनी पहिल्यांदाच. पाइप गटारातून काढून वरून न्यायचा, गटार बंदिस्त करायचं, कमानीचं पुढं बघायचं, आणि इथून पुढं सभा शाळेतच. हात वर झाले. सगळे नाही झाले. "देवाला सोडून आलो, बरकत यायची न्हाय," असं म्हणत पाच-सहा जण हात बांधून बसले, आणि पँट चोळत बसलेल्या शिवशंकरचाही हात खालीच होता. हरणाबाईंनी त्या खाली राहिलेल्या हातांकडं बघितलं. रागवायला जमेना. निदान ते हात दिसत तरी होते!

सभा उठल्यावर त्या चांगुणाबाईंपाशी गेल्या.

"चांगुणाबाई, श्रावस्तीचं कसं हाय?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या नावापुढं बाई लावलं होतं. चांगुणाबाईंनी ते ऐकलं, पण विरघळल्या नाहीत.

"पाणी बी ठरंना पोटात. डागदर उद्यापतोर बघू म्हंत्यात." मग पदर खोचून, "तुमच्या नातीचे डोळे पिवळे झाले, तवा तुमाला गटार दिसलं, हरणाबाई."

"व्हय," हरणाबाई म्हणाल्या. "तवाच दिसलं."

मग सृष्टीला दाखवायला निघताना त्यांनी चांगुणाबाईंनाही श्रावस्तीपाशी बरोबर चला म्हटलं.

बार्शीला जायला जीप ठरवली. मागच्या बाकावर तिघी बसल्या : एका बाजूला चांगुणाबाई, मध्ये हरणाबाई, दुसऱ्या बाजूला तारामती, आणि सृष्टी आडवी, डोकं आईच्या मांडीवर, पाय आजीच्या. जीप खड्ड्यातून गेली की सासू-सुनेचे खांदे एकमेकींना लागत. अडचणीचे दिवस सरले नव्हते. हरणाबाईंनी अंग चोरलं नाही. त्या नातीचे तळवे चोळत राहिल्या. ते गरम होते, आणि बार्शी अजून लांब होती.

दोन्ही पोरींचं पुढं काय झालं ते सांगून तुम्हाला मोकळं करत नाही. तुम्ही आपल्या गावात, आपल्या वॉर्डात पुढच्या सभेला जाल, तेव्हा सगळं एकमुखानं मंजूर झालं म्हणून टाळ्या वाजवू नका. आधी उठा, दाराबाहेर जाऊन बघा कोण उभं आहे. जिथं सगळ्यांना बसता येत नाही, तिथं घेतलेला निर्णय सगळ्यांचा नसतो, मग वर देवाची साक्ष असो की सरकारचा शिक्का. आणि बाहेर उभ्या राहिलेल्याचं बोलणं ऐकायला आपल्या घरातल्या पोरीचे डोळे पिवळे होईपर्यंत थांबू नका!