दुसऱ्यांदा फिलिपिनो

शपथविधी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये होता. आमच्या वकिलातीची माणसं अधूनमधून विनिपेगला येतात आणि आमच्यासारख्या कॅनेडियन होऊन बसलेल्यांना पुन्हा फिलिपिनो करून जातात. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत पान्सितच्या शेवयांचा वास आणि रांगेत निम्मं गाव. सगळे गोतावळा घेऊन आलेले, मी तेवढी एकटी. आमच्यात माणूस एकटा जेवायला बसला तरी चौघं विचारपूस करतात. मग शपथेला एकटीने आलेल्या बाईकडे कसं बघत असतील, विचारूच नका.

"सोबत कोण आहे, मावशी?" टेबलावरच्या बाईने विचारलं.

"कोट," मी म्हटलं.

ती हसली नाही. उलट तिने असा चेहरा केला, की मलाच तिची समजूत घालावीशी वाटली.

माझा नवरा सिप्रियानो कधीच गेला, मूलबाळ नाही. मला परत जायचं होतं; पाहुणी म्हणून नव्हे, कायमचं. तिकडे फिलिपिन्समध्ये, लिपाला आमच्या घरात धाकटी बहीण लुमिंग राहते. तिच्या शेजारच्या खोलीत म्हातारपण काढायचं, सकाळी कॉफीवरून तिच्याशी भांडायचं, एवढाच बेत. शपथेचं तिला ठाऊक होतं, या बेताचं अजून सांगितलं नव्हतं. आधी शपथ, मग बातमी.

उजवा हात वर करून आम्ही सगळ्यांनी एका सुरात शपथ घेतली. शिवणकारखान्यात माझा खांदा कामातून गेलाय, हात कानाच्या वर जात नाही. त्या दिवशी गेला. डोळेही भरून आले, आणि मी काही रडूबाई नाही.

मग फोटो. झेंड्याशेजारी मी एकटीच उभी राहिले, तर फोटोवाल्यालाच कसंतरी झालं. मागच्या कुटुंबातल्या एका बाईने मला दंडाला धरून ओढलं.

"या हो आमच्यात. एकटीचा काय काढताय, पासपोर्टला द्यायचाय का?"

अनोळखी नातवंडांच्या मध्ये उभी राहून मी हसले. फोटो छान आलाय. त्यातल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही.

कोपऱ्यात खुर्ची ओढून लुमिंगला फोन लावला. तिकडे उजाडत होतं, कोंबडे आरवत होते.

"झालीस का गं ताई परत आपली?"

"झाले. कॅनेडियनही आहेच, पण आता आपलीही."

"उशिरा का होईना, अक्कल आली म्हणायची."

"मार्चमध्ये येतेय."

"ये ये. नातीला हलवते त्या खोलीतून. आणि घरी कधी?"

"सांगितलं ना, मार्चमध्ये."

"अगं, ते येणं झालं. घरी कधी जाणार, म्हणते मी."

आमच्या भाषेत एक शब्द आहे, 'उवी'. बाजारातून, कामावरून, परदेशातून माणूस आपल्या घरी परततो, ती उवी. दुसऱ्याच्या घरी जाण्याला हा शब्द कोणी वापरत नाही. इतकी वर्षं दर नाताळला लुमिंग मला विचारायची, "ताई, उवी कधी?" आणि तिचा अर्थ एकच असायचा, लिपा. आज तोच शब्द वापरून तिने मला विनिपेगला धाडून दिलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, पाहुण्याला विचारावं तसं सहज विचारलं. तेच जिव्हारी लागलं. टोमणा असता तर मी भांडले असते.

"तीन आठवड्यांनी," मी म्हटलं.

"एवढ्यातच?" ती मनापासून हळहळली. "चार तरी राहा."

"सुट्टी मिळते का बघते."

"हो बाई, नोकरी सांभाळून काय ते कर," लुमिंग म्हणाली.

मी निवृत्त झाले तेव्हा पहिला फोन तिलाच केला होता.