पंचेचाळीसची तबकडी

गिरिधर भुसारी कॉलेजात शिकवायचे अर्थशास्त्र, पण धरमपेठेत त्यांना अर्थशास्त्रासाठी कुणी ओळखत नव्हतं. जॅझ, फंक आणि रॉक या तीन गोष्टींत नागपुरात शेवटचा शब्द भुसारी सरांचा, अशी त्यांची ख्याती होती आणि ती पसरवण्यात त्यांचा स्वतःचाही थोडाफार हात होता. दर रविवारी दुपारी त्यांच्या बैठकीत दहा-बारा मंडळी जमत, सतरंजीवर बसून विलायती रेकॉर्डी ऐकत आणि सरांची मान डोलली की आपलीही डोलवत. सरांनी नाक मुरडलं, की तोवर गोड वाजणारी रेकॉर्ड सगळ्यांना एकदम बेचव लागे.

डिसेंबरचा शेवटचा रविवार म्हणजे या मंडळाची दिवाळीच. त्या दिवशी वर्षातल्या उत्तम रेकॉर्डींचा निवाडा होई. ज्याला जमेल त्यानं एक रेकॉर्ड आणायची, कुणाच्या मेहुण्यानं अमेरिकेहून आणलेली, कुणी मुंबईच्या जुन्या बाजारात पैदा केलेली. ती वाजायची आणि मग सर बोलायचे. नंतर हात वर करून मतं घेण्याची पद्धत होती खरी, पण सर बोलून झाल्यावर हात कुणीकडे वर जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. तोच निवाडा जानेवारीत एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत सरांच्या नावानं छापून येई. तो वाचून कुणी त्या रेकॉर्डी विकत घेत असेल अशातला भाग नाही, कारण त्या नागपुरात मिळतच नव्हत्या. पण सरांना रस्त्यात नमस्कार जास्त मिळत.

एकोणऐंशी सालच्या त्या रविवारी रुपराव निनावेनं पहिल्यांदा रेकॉर्ड आणली. रुपराव नागपूरच्या वेशीवर, वाडीला, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होता. घर मूळचं उमरेडच्या विणकरांचं; माग मोडीत निघाला तसा तो वाडीला खोली करून राहिला आणि संध्याकाळच्या कॉलेजात सरांचा विद्यार्थी झाला. सरांच्या मागे मागे तो या बैठकीतही आला होता. वर्षभर दाराजवळ बसून ऐकायचा, बोलायचा मात्र नाही. त्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली रेकॉर्ड त्यानं दोन्ही हातांनी सरांपुढे धरली.

"लहान्या भावानं पाठवली, सर. लंडनहून. माझ्या घरी मशीन नाही, म्हणून मी बी अजून ऐकली नाही. तो म्हणते, नागपूरच्या जाणत्या लोकायले ऐकव अन् ते काय म्हणते ते मले कळव."

जाणत्या लोकायले, हे शब्द सरांना फार आवडले. त्यांनी पाकिटावरून नजर फिरवली. नाव अनोळखी, छपाई गरिबाघरची. असल्या नवख्या वादकांच्या संचाला एकदा नीट तासून काढलं, की पुढे ज्याला पहिला नंबर द्यायचा त्याचं कौतुक आणखी खुलून दिसतं, हा त्यांचा जुना हिशेब होता.

आता, ताटाएवढी मोठी रेकॉर्ड असली की मिनिटाला किती फेरे ते ठरवणारा यंत्राचा खटका तेहतीसवर आणि बशीएवढी लहान असली की पंचेचाळीसवर, हे त्या बैठकीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. ही मोठी होती. सरांनी खटक्याकडे पाहिलंसुद्धा नाही आणि सुई टेकवली.

कण्हत, कुंथत, पाय ओढत काहीतरी सुरू झालं. ट्रम्पेट हंबरायला लागली. गिटारचा एक सूर संपून दुसरा येईस्तोवर माणसानं अंगणात जाऊन परत यावं. आणि खाली एक ढोलक होती, तिच्यावर कुणीतरी झोपेत हात आपटत होतं. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. सरांना मात्र जोर चढला.

"याला फंक म्हणतात?" ते म्हणाले. "फंक ऐकून माणसाचे पाय उठले पाहिजेत. हे ऐकून चार माणसांनी खांदा द्यायला उठावं." हशा पिकला. "आणि हा ढोलकवाला! याला बहुतेक टायफॉइड झालाय. अरे, कुणीतरी याला घरी पाठवा. आईच्या हातची पेज खाऊ द्या."

बँकेतले श्रीधर बोधनकर तर हसता हसता सतरंजीवर आडवे झाले. दाराजवळ रुपरावही हसत होता. सगळे हसतात तेव्हा आपणही हसावं, तसा.

रेकॉर्ड एवढी रटाळ, की सरांनी ती अर्ध्यातच थांबवली. सुई उचलायला ते वाकले आणि तबकडी थांबता थांबता मधल्या कागदावरची अक्षरं त्यांना दिसली. भोकाच्या शेजारी बारीक छापलं होतं, पंचेचाळीस.

मोठ्या आकाराची आणि तरी पंचेचाळीसची, अशी तबकडी त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. खटका पुढे सरकवायचा, "मंडळी, माझी चूक झाली" म्हणायचं आणि पुन्हा वाजवायची, एवढंच काम होतं. एका बोटाचं. पण मागे अजून हशा चालू होता, तो त्यांच्या विनोदावरचा होता, आणि खटका सरकवला असता तर तोच हशा त्यांच्याकडे वळला असता. नागपुरातला शेवटचा शब्द आणि त्याला वेग कळत नाही! सरांनी रेकॉर्ड उचलली, मऊ फडक्यानं पुसली, पाकिटात घातली आणि म्हणाले, "पुढची कुणाची?"

निवाडा झाला. जॅझला पहिला नंबर मिळाला, रॉकला दुसरा, टाळ्या पडल्या. मंडळी चपला शोधत असताना रुपराव आपली रेकॉर्ड घ्यायला सरांजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "सर, त्यातली ढोलक माझ्या भावाची आहे. श्रावणची. ऑर्केस्ट्रासोबत गेला होता तिकडे, आता हॉटेलात भांडे घासते अन् शेजारच्या पोरायसंगं हे वाजवते. ते लोक त्याले म्हणून राहिले का नोकरी सोड अन् आमच्यासंगं दौऱ्यावर चल. तर त्यानं मले विचारलं, दादा, जाऊ, का घरी येऊ? मी म्हटलं, थांब, सरायले ऐकवतो."

सरांनी रेकॉर्डींची चळत उगाच सारखी केली.

"बरं झालं तुमी साफ बोलले," रुपराव म्हणाला. "आपल्या माणसाचं आपल्याले कळत नाही. त्याले लिहून टाकतो, ये म्हणून."

मंडळींतले चार-पाच जण अजून ओसरीवर उभे होते. सर म्हणाले, "हं." नंतर त्या 'हं'ची त्यांना इतकी लाज वाटली, की एकटेच आंघोळ करताना ते मोठ्यानं खाकरायचे, कानात घुमणारा तो 'हं' दाबायला. बायको जया विचारायची, घसा बसला का?

माणूस लाजेतून वाट काढतो तीही चोरवाट असते. सरांनी जानेवारीच्या लेखात, अगदी शेवटी, एक ओळ घुसडली. लंडनच्या एका नवोदित संचाची रेकॉर्ड उत्साही आहे, ढोलकचा वापर लक्षणीय. ती ओळ लिहून त्यांना फार हलकं वाटलं. रुपराव वाचेल, भावाला कळवेल, झालं गेलं विसरून जाईल. वर कबुली द्यावी लागली नाही, ते वेगळंच. त्या रात्री ते चवीनं जेवले.

रुपराव पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मार्चमध्ये एकदा श्रीधर बोधनकर रेकॉर्ड चाळता चाळता म्हणाले, "अहो, त्या निनावेचा भाऊ आलाय परत. कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या आडतीत पेट्या उचलतो म्हणे. टायफॉइडवाला हो!" आणि मंडळी पुन्हा हसली. इतक्या दिवसांनीही विनोद ताजा होता. सर आत गेले आणि मोरीत तोंड धूत उभे राहिले.

त्याच रविवारी त्यांनी मंडळींना लवकर वाटेला लावलं, रेकॉर्ड प्लेअर चादरीत गुंडाळून स्कूटरच्या मागे बांधला आणि वाडीचा रस्ता धरला. ट्रकांच्या धुळीतून जाताना ते बोलायचं ते घोकत होते. परवा यंत्र साफ करताना सहज लक्षात आलं रुपराव, की खटका चुकीच्या जागी होता. परवा. सहज. वाक्य चांगलं बसलं होतं. चूक कबूल केल्याचं पुण्य आणि वर अब्रूही शाबूत.

खोली गोदामांच्या मागे होती. रुपराव त्यांना पाहून गडबडला, खांद्यावरच्या टॉवेलनं खाट झटकली आणि आत हाक मारली, "पुष्पा, सर आले वं! चहा मांड." आतून बायकोनं स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. खाटेच्या कडेवर एक काळासावळा, रुंद हातांचा माणूस बसला होता. त्यानं उठून नमस्कार केला. हा श्रावण.

"पेपरात बी वाचलं, सर," रुपराव हळूच म्हणाला. "उत्साही म्हणून. एकदा हसले ते ठीक होतं. छापाले नव्हतं पाहिजे."

ती ओळ थट्टा म्हणून वाचली गेली असेल, हे सरांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी चादर सोडली, तार जोडली आणि म्हणाले, "रुपराव, ती रेकॉर्ड द्या जरा."

रुपरावनं भावाकडे पाहिलं. श्रावणनं पत्र्याच्या पेटीतून रेकॉर्ड काढून दिली. सरांनी खटका पंचेचाळीसवर नेला.

पहिल्याच ठोक्याला खोली भरून गेली. ट्रम्पेट खणखणत उठली, गिटार तिच्या पायात पाय घालत धावली, आणि ढोलक! ती अशी काही वाजत होती, की पुष्पा हातातला चमचा घेऊनच दारात येऊन उभी राहिली. रुपरावचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या गुडघ्यांनी आपोआप ताल धरला.

"हे तू गा?" त्यानं विचारलं. "श्रावण, हे तू वाजवून राहिला?"

"हो," श्रावण म्हणाला. तो भिंतीकडे पाहत होता.

"मंग बोलला काहून नाही मले? मी लिहिलं का जाणते लोक हसले, तर तू सोडूनच देल्लं!"

"मले काय मालूम, दादा, का तुमी कसं ऐकलं? मले वाटलं, नाही आवडलं तर नाही आवडलं. तूच त लिहिलं, सर म्हणते का घरी पाठवा याले."

"आता लिही त्यायले. आताच लिही."

"त्यायले दुसरा भेटला. दौऱ्यावर गेले ते."

हे त्यानं पाऊस नाही आला म्हणावं तसं सांगितलं. रेकॉर्ड संपली. सरांना वर पाहवेना. ते सुईशी उगाच चाळा करत बसले आणि मग कसंबसं म्हणाले, "वेग चुकला होता, रुपराव. माझ्या हातून खटका चुकला."

रुपरावनं डोळे पुसले आणि सरांचा हात दोन्ही हातांत धरला.

"चूक कोणाच्याही हातून होते, सर. पण कबूल कोण करते? तुमी एवढं मशीन लादून माझ्या दारी आले. दुसरा असता तर मूग गिळून बसला असता." तो भावाकडे वळला. "पाह्य गा, याले म्हणते मोठा माणूस."

सरांना वाटलं, जमीन फाटून आत जावं. शिव्या दिल्या असत्या तर त्या सोसल्या असत्या.

"कधी ध्यानात आलं, सर, तुमच्या?" रुपरावनं सहज, आपुलकीनं विचारलं.

घोकलेलं वाक्य तयार होतं. परवा, यंत्र साफ करताना. सरांनी तोंड उघडलं. श्रावणचे ते रुंद, पेट्या उचलून सोललेले हात त्यांच्या समोरच मांडीवर ठेवलेले होते.

"त्याच दिवशी," ते म्हणाले. "सुई उचलतानाच दिसलं होतं."

रुपरावला आधी कळलंच नाही. "म्हणजे निवाडा व्हायच्या आधी?"

"हो."

"अन् मी जाताना तुमच्याजवळ उभा होतो, श्रावणचं सांगितलं, तवा तुमाले मालूम होतं?"

"हो, रुपराव."

रुपरावनं हात सोडला. रागानं झटकला नाही, नुसता सोडला. श्रावण उठला, त्यानं यंत्रावरची रेकॉर्ड काढून पाकिटात घातली आणि पेटीचं झाकण लावलं.

"पुष्पा," रुपराव आतल्या बाजूला तोंड करून म्हणाला, "चहा राहू दे वं. सर जाऊन राहिले."

आतला स्टोव्ह बंद झाला.