कोरडी नळी

“सर, तुम्ही आज सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकलीत, आणि तीही माझ्या हातून.”

सीमंतिनीने पंख्यामागची पारदर्शक नळी उपसली आणि संचालकांच्या टेबलावर, उरलेल्या कचोरीशेजारी ठेवली. नळी आतून ठणठणीत कोरडी होती.

तीन वर्षं ती जिवाणूंकडून हायड्रोजन काढत होती. नाल्यातला गाळ उकळायचा, म्हणजे मिथेन करणारे मरतात आणि कामाचे तेवढे तग धरतात. मग बंद बरणीत त्यांना पेज पाजायची. पेज शहरातल्या लष्कर भागात खाणावळ चालवणाऱ्या विमलकाकू द्यायच्या. पहिल्या दिवशी मजलाभर असा वास सुटला की सहकारी अपूर्वने विचारलं होतं, “दीदी, आज खाने में क्या है?”

त्या बरणीतला गॅस ओला असतो. दहा मिनिटांत नळीत दव धरतं. आज हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधनघटावर पंखा तासभर फिरला. प्रात्यक्षिक पाहायला आलेले भोपाळचे पाहुणे खूश झाले. विमलकाकूंनी तर पंख्यासमोर पदर धरून वारा पाहिला. माइक सीमंतिनीच्या हातात होता; ‘हा वारा पेजेचा’ हे तीच सांगत होती. आणि नळीत थेंब नाही. पडद्यामागे विकतचं सिलिंडर निघालं.

संचालक चिडले नाहीत. चष्मा पुसत समजावत राहिले, की पंखा मध्येच थांबला असता तर प्रकल्प गेला असता, तिची नोकरीही.

“अगं, तुझ्याच भल्यासाठी केलं. बस जरा.”

ती बसली नाही. दाराशी अपूर्व उभा होता. सिलिंडर कोणी जोडलं, ते त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं.

“सर बोलले, तुझी बरणी बंद पडली,” तो पुटपुटला. “मुझे लगा, तुला माहीत आहे.”

सीमंतिनी शेजारच्या खोलीत गेली आणि बरणीतला गॅस साठवलेली पिशवी उराशी धरून घेऊन आली. पिशवी टम्म फुगलेली. तोटीवर तिने सकाळी चिकटवलेली कागदी पट्टी तशीच, न फाटलेली.

संचालकांनी पट्टीकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

“पंखा थांबला असता की नसता, मला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “तुम्ही ही पिशवी जोडून पाहिलीत का, सर? हो की नाही?”