खाडीवरच्या कॅमेऱ्याची साक्ष

मी कॅमेरा बोलतोय. "जरा हसा की," असं ज्याच्या मागून कोणीतरी म्हणतं, तो मी नव्हे. माझ्यामागे कोणी नसतंच. मला पट्ट्याने खांबाला आवळतात आणि निघून जातात. समोर काही हललं की माझा डोळा उघडतो, लागोपाठ तीन फोटो निघतात, कपाळावरचा बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि डोळा पुन्हा मिटतो. अंगाचा रंगही मुद्दाम चिखलासारखा दिलाय, म्हणजे मी कोणाला दिसू नये. लपून बघण्यासाठीच ज्याचा जन्म झाला, त्याच्याकडून भाबडेपणाची अपेक्षा करू नका.

कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईने माझ्यासमोर हात हलवला. मी फोटो काढला. "चालतोय," म्हणून तिने मला खोक्यात घातलं. ही बाई हात का हलवतेय, दुसऱ्या हातात काय लपवलंय, असा विचार माझ्या मनात त्याच दिवशी आला. तेव्हापासूनची ही खोड काही गेलेली नाही.

माझी पहिली नोकरी नदीच्या उगमाकडच्या जंगलात होती. वर झाडं राखायची, मध्ये नदी राखायची आणि खाली खाडीचा काठ राखायचा, असं काम करणारं एक संवर्धन कार्यालय आहे. मी त्यांचा नोकर. जंगलात रानडुक्कर माझ्याच झाडाला पाठ घासायचं, साळिंदर काटे खुळखुळवत जायचं आणि अधूनमधून खांद्यावर कुऱ्हाड टाकून एखादा "सहज फिरायला" आलेला माणूस दिसायचा. सहज फिरायला कुऱ्हाड कशाला लागते हो? माझ्या फोटोंमुळे अशा दोघातिघांची फिरण्याची हौस फिटली. कार्यालयाचे साहेब खूश झाले. "याच्या नजरेतून काही सुटत नाही," म्हणाले आणि त्यांनी मला खाली खाडीवर पाठवलं. त्याला बढती म्हणा नाहीतर बदली.

खाडीवर वेगळंच दुखणं होतं. समुद्र दरवर्षी थोडा थोडा आत सरकत होता. मोठ्या भरतीला धक्क्याकडचा रस्ता पाण्याखाली जायचा, विहिरी खारट झाल्या होत्या. म्हणून काठच्या चिखलात खारफुटीची रोपं लावायचं ठरलं. ती वाढली की त्यांची मुळं माती धरतात आणि लाटांचा जोर मोडतात. रोपवाटिकेचं सगळं काम मावशीच्या हाती होतं. ती कोणाची सख्खी मावशी होती कोण जाणे, पण सगळा काठ तिला मावशीच म्हणायचा. तिच्या घरामागचं शेत खाऱ्या पाण्याने केव्हाच गिळलं होतं. राहिलं होतं ते घर. लाट थांबली नाही तर पुढचा घास कशाचा, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

ती रोपांवर पोटच्या पोरांसारखी माया करायची. पिशवीत बी लावताना बोलायची, चिखलात रोप खोचताना बोलायची. आणि तीच रोपं मरत होती. पाणी उतरलं की कुठे एखादं आडवं पडलेलं, कुठे उपटून वाहून गेलेलं, कुठे नुसता खड्डा. एका ओहोटीला धक्क्यावर लागवडीला आलेल्या सगळ्या बायांसमोर मावशी कडाडली, "हे पाण्याचं काम नव्हे. कोणीतरी हात लावतंय. जो कोणी असेल, त्याला मी स्वतः पोलिसांत नेऊन बसवीन. मग तो माझ्या घरातला का असेना!"

असं बोलू नये माणसाने. पण ती बोलून गेली, आणि तिच्या मागणीवरूनच मला तिथल्या खांबाला बांधलं गेलं.

मग मी एकेकावर डोळा ठेवला. खेकडे पकडणाऱ्या बायका रोपांपाशी फार वेळ वाकतात, हे मला आवडलं नाही. बगळा एका पायावर उभा राहून इतका साळसूद दिसतो की त्याच्यावर तर माझा पहिल्यापासून राग. शेजारच्या घरातली बाई रोज चिखलाकडे बघून मान हलवायची. तीही माझ्या यादीत गेली. काठावरही तेच चाललं होतं. "तुझी शेळी सुटली होती म्हणे," "तुझा मुलगा काल इकडे काय करत होता," असं एकमेकींना विचारणं सुरू झालं. पूर्वी या बाया डबे उघडून एकत्र खायच्या. आता प्रत्येकीने आपापला कोपरा धरला.

आणि मग माझ्यासमोर आला मावशीचा जावई.

हा होडीवाला. माणसं आणि सामान खाडीपलीकडे नेण्याचा त्याचा धंदा. तोंडाने फटकळ. लागवड सुरू झाली तेव्हा चारचौघांत म्हणाला होता, "चिखलात काड्या खोचून समुद्र थांबला असता, तर आम्ही दात कोरायच्या काड्यांनी वादळ अडवलं असतं!" सगळे हसले. मावशी हसली नव्हती.

तोच जावई आता ओहोटीला एकटा येत होता. आधी मागे बघायचा, मग बाजूला बघायचा, मग गुडघाभर चिखलातून रोपांपर्यंत जायचा आणि कमरेचा सुरा काढून वाकायचा. माझे तीन फोटो: सुरा, वाकलेली पाठ, शेजारी आडवं पडलेलं रोप. मग माझा डोळा मिटायचा. पुन्हा उघडेपर्यंत तो पुढच्या रोपाशी गेलेला असायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसा त्याचा चेहरा असायचा. सापडला, असं मी मनाशी म्हटलं.

माझ्या पोटातलं कार्ड न्यायला कार्यालयातून एक चष्मेवाली मुलगी यायची. धक्क्यावर बसून ती फोटो आपल्या लॅपटॉपवर घ्यायची आणि निवडायची. निवडायची पद्धत सोपी होती. माणूस किंवा जनावर दिसलं तर ठेवायचं. नुसता चिखल किंवा नुसतं पाणी असेल तर "रिकामा" म्हणत पुसून टाकायचं. जंगलात तेच बरोबर होतं. तिथे वाऱ्याने फांदी हलली तरी माझा डोळा उघडायचा, आणि हलणाऱ्या फांद्यांचे फोटो साठवून कोणाला काय करायचंय? तीच सवय ती खाडीवर घेऊन आली. रिकामा, रिकामा, रिकामा, असं तिचं बोट चालायचं. मी काढलेला फोटो कोणी न बघता पुसला की मला अपमान वाटतो, पण माझं ऐकतं कोण!

जावयाचे फोटो दिसताच तिचं बोट थांबलं. तिने साहेबांना फोन लावला आणि मावशीला बोलावलं.

मावशीने पडद्यावर बघितलं. पदराने डोळे पुसून पुन्हा बघितलं. "हा सुरा मीच दिला होता त्यांना," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या ओहोटीला माझ्याच खांबापाशी सगळे जमले. जावई मध्ये उभा. मावशीची मुलगी, म्हणजे त्याची बायको, धापा टाकत धावत आली.

"जावईबापू," मावशीने विचारलं, "माझ्या रोपांनी तुमचं काय वाईट केलं होतं?"

"आई, मी रोपं कापत नव्हतो. खरवडत होतो. त्यांच्या खोडाला पांढरी शिंपली चिकटतात, होडीच्या बुडाला चिकटतात तशी. ओझं झालं की रोप वाकतं. म्हणून सुऱ्याने काढत होतो."

"मग लपूनछपून कशाला?"

जावई कसाबसा बोलला, "चारचौघांत काड्या म्हणून हसलो होतो ना. आता त्याच काड्या साफ करताना बघितलं असतं, तर सगळ्यांनी मला सोडलं असतं का?"

एक बाई फिसकन हसली. बाकी कोणाचा विश्वास बसला नाही. माझाही नाही. स्वतःच्या फुशारकीपायी माणूस पोलीस ठाण्यापर्यंत गप्प राहतो, हे मला पटेना.

"आई, ते खोटं बोलत नाहीत," मुलगी म्हणाली. "तू त्यांना ओळखत नाहीस का?"

"मी बोलून बसलेय गं सगळ्यांसमोर," मावशी म्हणाली. "आपलेच दात नि आपलेच ओठ. आता माझ्या घरातला म्हणून सोडला, तर उद्या कोणत्या तोंडाने दुसऱ्याला पकडू?"

साहेबांनी फोनवरून निरोप दिला होता: आपण दुपारी पाहुण्यांना घेऊन येतोय, येताना पोलिसांतली तक्रारही लिहून आणतो, चष्मेवालीने पुरावा तयार ठेवावा. मावशीची मुलगी धक्क्याच्या पायरीवर बसून रडत होती. जावई तिच्या शेजारी बसला, पण तिच्याकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

दुपारी पाणी चढलं. रोपांचे शेंडे तेवढे वर राहिले. आणि साहेबांची यांत्रिक होडी आली. लागवडीला मदत करणाऱ्या पाहुण्यांना रोपं जवळून दाखवायची त्यांची पद्धत होती. म्हणून होडी दरवेळी शेंड्यांच्या अगदी कडेने यायची, एक झोकदार वळण घ्यायची आणि धक्क्याला लागायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे. आजही वाजवल्या.

होडी धक्क्याला लागली. मग तिच्या मागे उठलेली लाट काठावर पोचली. पाणी उन्हात लखलखून हललं आणि माझा डोळा उघडला. तीन फोटो. लाल दिवा.

चष्मेवाली माझ्याकडेच बघत होती. ती जागेवरून उठली. "समोर तर कोणीच नाही," ती म्हणाली. "मग हा कोणाचा फोटो काढतोय?"

"वारा असेल," साहेब म्हणाले. "रिकामे फोटो काढतोच तो. चला, पुरावा द्या."

तिने पुरावा दिला नाही. कार्ड काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे रिकामे फोटो न पुसता ओळीने बघितले. पहिल्या फोटोत शेंडे सरळ. दुसऱ्यात लाट त्यांच्यावर. तिसऱ्यात दोन रोपं आडवी आणि एक मुळासकट तरंगत निघालेलं. लॅपटॉपवरून पुसले तरी कार्डावर राहिलेले त्या आठवड्यातले आणखी रिकामे फोटो तिने उघडले. साहेब आले त्या प्रत्येक दिवशी, होडीच्या फोटोच्या मागोमाग, तेच.

"मी हेच पुसत होते," ती म्हणाली. मीही कमी नव्हतो: माणसांवर संशय घेण्याच्या नादात माझ्याच फोटोतली लाट मी मनावर घेतली नव्हती.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. साहेबांनी पडद्यात डोकं घातलं. त्यांचा चेहरा उतरला. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "म्हणजे आम्ही बघायला येतो म्हणून...?" पाणी उतरल्यावर चष्मेवाली स्वतः चिखलात गेली आणि उरलेली रोपं हाताने चाचपून आली. खरवडलेली उभी होती. ज्यांच्यापर्यंत जावई पोचला नव्हता, ती शिंपल्यांच्या ओझ्याने आधीच वाकली होती आणि लाटेने तीच आधी पाडली होती.

तक्रार साहेबांच्या खिशातच राहिली. आता होडी लांब थांबते आणि पाहुणे काठाकाठाने चालत येतात. त्यांचे बूट चिखलात रुततात, ते कुरकुरतात, आणि मला ते बघायला फार आवडतं.

पण सगळं सुरळीत झालं असं समजू नका. मावशीने त्याच दिवशी जावयाला म्हटलं, "जेवायला या घरी. माझं चुकलं." तो म्हणाला, "येतो की आई." गेलाही. जेवलाही. रागाचा एक शब्द काढला नाही. पण तेव्हापासून तो ओहोटीला कामाला आला की आधी माझ्यासमोर उभा राहतो. सुरा माझ्यासमोर धरतो. दुसरा हात उघडून रिकामा तळवा दाखवतो. लाल दिवा लुकलुकेपर्यंत थांबतो आणि मगच रोपांकडे जातो. परत जाताना खरवडलेली शिंपली ओंजळीत घेऊन पुन्हा माझ्यासमोर येतो. त्याला कोणी तसं करायला सांगितलेलं नाही.

इतकी वर्षं लोक माझ्यापासून हात लपवत आले. हा उघडून दाखवतो, आणि मला ते सहन होत नाही. मावशीलाही होत नाही. ती पिशव्या भरता भरता हे बघते आणि मान खाली घालते.

आता माझं वय झालंय. खारं पाणी कुठूनतरी आत शिरलंय, डोळ्यावर धुकं येतं, बटण दोनदा दाबावं लागतं. चष्मेवाली म्हणते, लवकरच नवा आणू. आणा बापडे.

परवा ओहोटीला जावई अजून यायचा होता. मावशी माझ्यापाशी आली. मला वाटलं, पुसायला आली असेल. तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि माझ्या डोळ्यावरून घेऊन मागे घट्ट बांधला. मला काहीच दिसेना. थोड्या वेळाने चिखलातून पावलं आली आणि माझ्यासमोर थांबली.

"चला कामाला, जावईबापू," लांबून मावशीचा आवाज आला. "तिथे बघणारं कोणी नाही."

पावलं बराच वेळ हलली नाहीत. मग पुढे गेली, आणि सुऱ्याने खरवडल्याचा आवाज येऊ लागला.

पुढच्या फेरीला चष्मेवालीने विचारलं, "हा रुमाल कोणी घातला याच्यावर?"

"वाऱ्याने आला असेल उडून," मावशी म्हणाली.

वाऱ्याने दोन गाठी मारल्या होत्या. चष्मेवालीने त्या बघितल्या, मावशीकडे बघितलं आणि रुमाल तसाच राहू दिला. माझं तुम्हा सगळ्यांना हेच सांगणं आहे: पाण्यावर नजर ठेवा, होड्यांवर ठेवा, साहेबांवर तर जरूर ठेवा. त्यासाठी नवा कॅमेरा खुशाल आणा आणि पलीकडच्या खांबाला बांधा. पण तो माणूस ओहोटीला चिखलात उतरला की माझ्या डोळ्यावरचा हा रुमाल सोडू नका.